इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं शोधताय? पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

निकाल आधीच सांगून टाकते, वेळ असेल तर पुढचं वाचा. वंशावळीच्या साइटचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन: ५ पैकी २. जनरल रजिस्टर ऑफिसची (सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी) ३ पाउंडवाली डिजिटल इमेज: साडेचार. काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) रेकॉर्ड ऑफिस, जिथे जुने कागद जपून ठेवतात: पाच, आणि सहा द्यायची सोय असती तर सहा दिले असते. चर्चयार्ड, म्हणजे चर्चच्या आवारातली थडगी: एक, तोही मोकळ्या हवेसाठी.

आमचं प्रकरण असं की सासरे मूळचे दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट काउंटीचे. उत्तरेकडचा भाग, ब्लँडफर्ड आणि शाफ्ट्सबरीच्या मधलं एक चिमुकलं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतलं गाव). नाव देत नाही, कारण तिथे घरंच इतकी थोडी आहेत की नाव दिलं तर कोणाबद्दल चाललंय ते अख्ख्या गावाला कळेल. रिटायर झाल्यावर त्यांना आपले पूर्वज शोधायचं वेड लागलं, नवऱ्याला त्यात काडीचा रस नाही, आणि जुनी कागदपत्रं म्हटली की माझा जेवणाखाणाचा पत्ता नसतो हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे काम आपोआप सुनेच्या गळ्यात पडलं. तक्रार नाही हं, मजा येतेय.

तर सबस्क्रिप्शन. लोक काय करतात की उत्साहाच्या भरात वर्षाचे पैसे भरतात, नाव टाकतात आणि साइट पटापट हिंट द्यायला लागते, हा तुमचा पणजोबा, ही त्याची आई, हे घ्या १६४० पर्यंतचं झाड. छान वाटतं. पण छोट्या पॅरिशमध्ये आडनावं मोजकी आणि पहिली नावं त्याहून मोजकी, जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ, ॲन, संपली यादी. एकाच वेळी गावात एकाच नावाचे तीन विल्यम असतात, चुलत-चुलत भाऊ, वयंही जवळपास. हिंट देणाऱ्या मशीनला त्यातला आपला कोणता हे कळत नाही आणि झाड बनवणाऱ्या बहुतेकांना ते बघायचं नसतं. एकाने चुकीचा विल्यम चिकटवला की पन्नास जण तोच कॉपी करतात आणि मग पन्नास झाडांत आहे म्हणजे खरंच असणार असं एक्कावन्नावा म्हणतो. आमच्या एका पूर्वजाला अशाच झाडांमध्ये दोनदा पुरलेलं सापडलं, आणि दोन पुरण्यांच्या मध्ये त्याला मूलही झालेलं. काहीही.

दुसरं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन. ज्यांनी टाइप केलंय त्यांना गावांची नावं माहीत नसतात. मी जी साइट वापरली (नाव घेत नाही) तिथे १८६१ च्या सेन्ससमध्ये (जनगणनेत) आमचं गाव अशा स्पेलिंगने टाकलंय की ते शोधून सापडणं शक्यच नाही, शेजारच्या गावापासून सुरू करून एकेक पान पुढे सरकवत जावं लागलं. दुरुस्ती पाठवली, आभाराचा मेल आला, पुढे काही नाही.

मग सबस्क्रिप्शन घ्यायचंच नाही का, तर तसंही नाही. पॅरिश रजिस्टरांची (चर्चच्या नोंदवह्यांची) स्कॅन्स बघायला घ्यावं लागतं, डॉर्सेटची अँसेस्ट्री ह्या साइटवर आहेत आणि घरबसल्या मूळ पान बघायला मिळणं ही सोय मोठीच. पण एक महिना पुरतो. आधी फ्रीबीएमडी, फ्रीरेग आणि फॅमिलीसर्चवर (जुन्या नोंदी शोधायच्या साइट, तिन्ही फुकट) जमेल तेवढी यादी काढून ठेवायची आणि मग महिना घेऊन सगळी पानं डाउनलोड करायची. त्याहून स्वस्तात हवं तर इंग्लंडमधल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररींच्या कॉम्प्युटरवर ह्यातली एखादी साइट फुकट बघता येते, लायब्ररीत जाऊन बसावं लागतं इतकंच. डॉर्सेटवाल्यांसाठी ऑनलाइन पॅरिश क्लर्क नावाचा प्रकारही आहे, एकेक स्वयंसेवक एकेक पॅरिश दत्तक घेतो आणि त्या गावाबद्दल जे सापडेल ते टाइप करून फुकट टाकतो. कॉर्नवॉल, विल्टशर, लँकेशरलाही असे आहेत. आपल्या गावाला क्लर्क आहे का ते आधी बघा, असेल तर निम्मं काम झालंय समजा.

रजिस्टरांकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगते, कारण ह्यात बरेच जण निराश होतात. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने (आठव्या हेन्रीचा मंत्री) हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्यांची नोंद ठेवायची. म्हणजे कागदोपत्री सुरुवात १५३८, पण तेव्हाची पानं थोड्याच गावांची टिकलीत, कित्येक ठिकाणी १५९८ नंतर चर्मपत्रावर उतरवलेल्या प्रतीच मिळतात आणि यादवी युद्धाच्या काळात, १६४० आणि ५० च्या दशकांत, सरळ खड्डा. जुन्या नोंदी एका ओळीच्या. अमक्याचा मुलगा तमका, तारीख, बस. आईचं नावसुद्धा असेलच असं नाही. लग्नाची नोंद सुधारली ती १७५४ पासून, हार्डविकच्या कायद्याने छापील फॉर्म आला आणि नवरा-नवरी, साक्षीदार ह्यांच्या सह्या किंवा फुल्या दिसायला लागल्या. बाप्तिस्म्याचा छापील फॉर्म १८१३ पासून, त्यात बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण येतं, दफनाच्या नोंदीत वय येतं. माझ्या मते १८१३ च्या आधीचं जे काही मिळेल ते बोनस समजावं.

आणि ह्या नोंदी वाचताना दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला, लेडी डेला सुरू व्हायचं, म्हणजे डिसेंबर १७३१ नंतरचा फेब्रुवारी हा रजिस्टरात १७३१ च असतो. बाप्तिस्मा लग्नाच्या आधी दिसला म्हणून लगेच कुजबुज सुरू करू नका. दुसरं, १७८३ ते १७९४ ह्या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स टॅक्स होता आणि गरिबांना माफ होता, त्यामुळे त्या वर्षांत नावापुढे 'पॉपर' किंवा नुसता 'पी' असला तर तो टॅक्सचा शेरा असू शकतो, माणूस भीक मागत होता असं नाही. टॅक्स टळतोय म्हटल्यावर पाद्रीही जरा सढळ हाताने पी लिहीत असणार असा माझा संशय आहे.

आता ज्याला मी साडेचार दिले ते. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे आणि त्याचं केंद्र म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिस. त्यांच्या साइटवर अकाउंट काढलं की जन्म आणि मृत्यूची इंडेक्स फुकट शोधता येते, आणि ही इंडेक्स इतर सगळीकडे असलेल्या जुन्या छापील इंडेक्सपेक्षा चांगली आहे, कारण जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासून दिलंय. जुन्या इंडेक्समध्ये ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून मिळतं. फरक केवढा ते बघा. सासऱ्यांच्या खापरपणजीचं लग्न झालं १८३९ ला, १८४१ च्या सेन्ससला एक मूल, १८५१ ला तीन, सगळ्या झाडांत तीनच मुलं. मी नवऱ्याचं आडनाव आणि तिचं माहेरचं आडनाव टाकून शोधलं तर पाच जन्म. मधली दोघं दोन सेन्ससच्या मधे जन्मली आणि मधेच गेली, त्यामुळे सेन्ससला त्यांचा पत्ताच नाही. सर्चमध्ये मुलगा-मुलगी निवडावंच लागतं आणि वर्षात पुढेमागे दोनच वर्षं घेता येतात, म्हणून दहा वर्षांचा टप्पा करायचा तर मुलगा एकदा, मुलगी एकदा, पाच-पाच वर्षं सरकत जायचं. कंटाळवाणं आहे, पण सीरियल बघता बघता होतं.

त्या दोघांपैकी एकाच्या मृत्यूची नोंद मी ३ पाउंड देऊन घेतली. पूर्वी सर्टिफिकेट पोस्टाने मागवावं लागायचं, आता त्याला साडेबारा पाउंड, पीडीएफला ८, आणि ही डिजिटल इमेज ३ ची, पैसे भरले की लगेच स्क्रीनवर. रजिस्टरातली तेवढी एक नोंद कापून दिलेली असते. कोर्टकचेरीत चालत नाही, आपल्याला कुठे चालवायचीय. वय चौदा महिने, कारण स्कार्लेटिना (लाल पुरळाचा ताप), बापाचा धंदा शेतमजूर, आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात आजीचं नाव, 'मृत्यूसमयी हजर', आणि नावाच्या मधोमध फुली, वर 'द मार्क ऑफ'. म्हणजे आई नाही, आजी चालत रजिस्ट्रारकडे गेली. सहा शब्दांच्या रकान्यात एवढं सगळं. सेन्ससच्या दहा पानांनी हे दिलं नसतं.

अर्धा मार्क कापला कारण इंडेक्समध्ये गाव नसतं, रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट असतो. एका डिस्ट्रिक्टमध्ये कितीतरी पॅरिशं, तेव्हा कॉमन नाव असेल तर जुगार आहे. इमेजही सगळ्या वर्षांची नाही, मृत्यूची १८८७ पर्यंतचीच, त्यापुढे पीडीएफ किंवा कागद. आणि लग्नांना ह्यातलं काहीच नाही, लग्नासाठी फ्रीबीएमडीवर संदर्भ शोधा आणि साडेबारा पाउंड मोजा, किंवा लग्न चर्चमध्ये झालं असेल (खेड्यात बहुतेक तसंच) तर तीच माहिती पॅरिश रजिस्टरात आहे, पैसे वाचवा. संदर्भातला व्हॉल्यूम नंबर बघून घ्या, डॉर्सेटचा १८५१ पर्यंत ८ आणि १८५२ पासून ५ए. दुसरा काही दिसला तर तो तुमचा माणूस नाही, किंवा तो गाव सोडून गेलाय.

सेन्ससबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतो. १८४१ च्यात पंधराच्या वरची वयं साधारण पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत आणि जन्मगाव नाही, फक्त ह्याच काउंटीत जन्म का, हो की नाही. १८५१ पासून जन्माचं पॅरिश मिळतं आणि तिथे डॉर्सेटची एक गंमत दिसते, एकाच घरातली पाच मुलं चार वेगवेगळ्या गावांत जन्मलेली. शेतमजुराचा करार वर्षाचा असायचा आणि लेडी डेला बिऱ्हाड हलायचं, नवा मालक, नवी झोपडी, तीही मालकाचीच. म्हणून माणूस गायब झाला की लंडन किंवा ऑस्ट्रेलियात शोधायच्या आधी चार-पाच मैलांच्या वर्तुळातली सगळी पॅरिशं बघा. १९३१ चा सेन्सस १९४२ मध्ये आगीत जळाला, १९४१ ला झालाच नाही, मधे फक्त २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर. संपलं.

आता खरी गोष्ट, रेकॉर्ड ऑफिस. डॉर्सेटचं डॉर्चेस्टरला आहे.

आधी कशासाठी जायचं ते. इथल्या पॅरिशकडे चर्चच्या प्रार्थनेशिवाय बरंच काम होतं. १६०१ च्या कायद्यापासून गावातल्या गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशची, त्यासाठी घरपट्टीसारखा कर बसवायचा, ओव्हरसीअर नेमायचे, हिशेब ठेवायचा. १८३४ ला नवा कायदा येऊन अनेक पॅरिशांनी मिळून वर्कहाउस (गरिबांना ठेवून काम करवून घ्यायचं घर) चालवायची युनियन आली तोपर्यंत हे असं चाललं. आणि पैसे आपल्या खिशातून जाणार म्हटल्यावर प्रत्येक पॅरिश विचारणार की हा गरीब आमचा की शेजारच्यांचा. ह्याला सेटलमेंट म्हणतात, १६६२ चा कायदा. बापाची सेटलमेंट मुलाला, नवऱ्याची बायकोला, पूर्ण वर्ष चाकरी केली तर त्या गावची, उमेदवारी केली तर त्या गावची. मग काही शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवायचे, वर्ष भरायलाच नको! ह्या भांडणांतून जो कागद तयार झाला, जबान्या, हुकूम, हमीपत्रं, तो चर्चमधल्या पेटीत ठेवला जायचा, ती पॅरिश चेस्ट. जिथे तो टिकलाय तिथे गरीब माणसाचं चरित्र लिहिता येतं, आणि श्रीमंताचं मात्र त्या पेटीत फारसं काही सापडत नाही. मला हे फार आवडतं.

आमचंच बघा. मघाच्या खापरपणजीला लग्नाच्या आधीचा एक मुलगा होता, १८२० च्या दशकातला, आणि सासऱ्यांची शाखा नेमकी त्याच्यापासून. बाप्तिस्म्याच्या छापील फॉर्ममध्ये बापाची जागा कोरी आणि धंद्याच्या रकान्यात 'सिंगल वूमन'. सगळी झाडं इथे थांबतात, बाप अज्ञात. सबस्क्रिप्शनच्या जगात गोष्ट खलास. रेकॉर्ड ऑफिसच्या कॅटलॉगमध्ये आमच्या पॅरिशच्या नावाखाली 'ओव्हरसीअर्स' असा एक गठ्ठा दिसला, मागवला, आणि त्यात आधी तिची जबानी. शेजारच्या पॅरिशमध्ये ती चाकरीला होती, दिवस गेले, त्या पॅरिशने दोन जस्टिसपुढे (स्थानिक मॅजिस्ट्रेट) उभं केलं आणि परत आमच्या गावाला पाठवायचा हुकूम घेतला. घाई का, तर तेव्हाच्या कायद्याने लग्नाबाहेरचं मूल जिथे जन्मेल त्या गावचं व्हायचं, म्हणून बाळंतपणाआधी तिला हद्दीबाहेर काढायचं. आणि त्याच गठ्ठ्यात, घडी घातलेला, कडेला तपकिरी झालेला कागद, मुलगा झाल्यानंतरची जस्टिसांची ऑर्डर, त्यात बापाचं नाव, गाव, धंदा, मिलरचा मुलगा, आणि आठवड्याला एक शिलिंग सहा पेन्स द्यायचे. खाली ओव्हरसीअरच्या वहीत त्याचे हप्ते. वर्ष-दीड वर्ष नियमित, मग उशिरा, मग दोन-दोन महिने नुसती रेघ. सासऱ्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, अगं म्हणजे आपण गिरणीवाल्याचे! नवरा म्हणाला, ते ठीक आहे पण पैसे बुडवले त्याने. घरात ह्यावर अजून दोन पक्ष आहेत.

(१८३४ नंतर जन्मलेलं मूल असेल तर हे असं पॅरिशच्या कागदांत मिळायची आशा कमी, नियम बदलले. तेव्हा तारीख बघून उडी मारा.)

रेकॉर्ड ऑफिसात जाणं सोपं आहे पण आगाऊ तयारी हवी. बरीच रेकॉर्ड ऑफिसं आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात, जागा आणि कागद आधी बुक करावे लागतात, साइट बघूनच निघा. कित्येक काउंट्यांमध्ये एकच आर्काइव्ह्ज कार्ड चालतं, फुकट, ओळख आणि पत्त्याचा पुरावा लागतो. बॅग, कोट, पाण्याची बाटली लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल, पेन दिसलं तर काउंटरवरच्या बाई नुसत्या बघतात आणि आपण ते मुकाट्याने परत ठेवून येतो. पांढरे हातमोजे टीव्हीत असतात, इथे नाही, कागदाला आणि चर्मपत्राला स्वच्छ कोरडे हातच बरे, मोज्याने बोटांना पान कळत नाही आणि फाटतं. वही फोमच्या उतारावर ठेवायची, पान उघडं राहायला शिशाच्या मण्यांची माळ देतात, ती हातात घेऊन उगाच खेळायचा मोह होतो. फोटोचे पैसे काही ठिकाणी लागतात, दिवसाचा पास घेणं परवडतं. आणि फोटो काढताना कागदाच्या रेफरन्सची चिठ्ठी प्रत्येक फोटोत दिसू द्या, नाहीतर घरी आल्यावर शेकडो तपकिरी फोटोंतला कोणता कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

स्टाफबद्दल खास लिहायला हवं. मी अर्धवट नोट्स घेऊन बसले होते तेव्हा तिथल्या एकांनी न विचारता येऊन सांगितलं की टाइद मॅप बघितलात का. नव्हता बघितला. तर टाइद मॅप म्हणजे, शेताच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायची जुनी पद्धत होती, १८३६ च्या कायद्याने तो धान्याऐवजी पैशांत करायचं ठरलं आणि त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. मोठा थोरला नकाशा आणि सोबत यादी, प्लॉट नंबर, मालक कोण, कसतो कोण, शेताचं नाव काय, नांगरट की कुरण, किती एकर-रूड-पर्च, चर्चला किती. सातबाराच म्हणा ना, १८४० चा. बऱ्याच नकाशांवर राहती घरं लाल आणि गोठे-कोठारं राखाडी रंगवलेली असतात. आमच्या गावचा नकाशा टेबलावर मावेना, दोघांनी मिळून उलगडला, आणि खापरपणजीच्या सासरचं लाल चौकोनाएवढं घर बोटाखाली आलं, पुढे बागेचा एवढासा तुकडा, मालक इस्टेटवाला, कसणारा एक मोठा शेतकरी, आणि आमचे लोक यादीत नाहीतच! कारण झोपड्या बऱ्याचदा शेतकऱ्याच्या नावावर एकगठ्ठा लावलेल्या. म्हणजे मजुराचं नाव टाइदमध्ये नसलं तर तो गावात नव्हता असा अर्थ काढू नका, १८४१ चा सेन्सस शेजारी ठेवून घरांची रांग जुळवत जा. शेतांची नावं हा वेगळाच खजिना, इंग्लंडभर जेमतेम वितभर तुकड्याला 'हंड्रेड एकर्स' म्हणायची थट्टा सापडते, आमच्याकडेही आहे.

प्रत्येक गावाचा टाइद मॅप असतोच असं नाही. जिथे आधीच जमिनींची एन्क्लोजर (सामाईक जमीन वाटून कुंपण घालणं) होऊन दहावा हिस्सा मिटवला होता, मिडलँड्समध्ये बरीच अशी गावं, तिथे एन्क्लोजरचा नकाशा शोधा. आणि तो जुना नकाशा आजच्या रस्त्यांवर कुठे बसतो ते बघायला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट, नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशेही आहेत, आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून सरकपट्टीने फिकट-गडद करता येतात. फुकट. ह्यात माझी एक अख्खी रात्र गेलीय.

त्याच ऑफिसात चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार बघणारा गावकरी) हिशेबाच्या वह्या बघाच, घराण्याचा संबंध असो नसो. मारलेल्या प्राण्यांचे पैसे दिलेत, चिमण्या डझनावारी, आणि हेजहॉग! १५६६ च्या कायद्यात धान्य-गुरांच्या शत्रूंची यादी आहे आणि हेजहॉगला दोन पेन्स, कारण तो रात्री गाईचं दूध पितो अशी समजूत. बिचारा. शाळेच्या लॉगबुकही तशाच, १८६२ नंतरच्या, हेडमास्तरांची सततची कुरकुर की हजेरी नाही, पोरं बटाटे काढायला, ॲकॉर्न गोळा करायला, पक्षी हाकलायला गेलीत. पोरांची नावंही येतात. ही ओळ सेन्ससच्या 'स्कॉलर' (शाळेत जाणारा) ह्या शब्दाशेजारी ठेवली की कळतं स्कॉलर किती दिवस शाळेत होता ते.

आणि बटणं. १८४१ ला खापरपणजीच्या नावापुढे धंदा 'बटन मेकर'. ह्या भागात, शाफ्ट्सबरी-ब्लँडफर्डकडे, बायका घरात बसून बटणं करायच्या, तारेच्या कड्यावर किंवा शिंगाच्या चकतीवर दोरा गुंफून, सतराव्या शतकापासूनचा धंदा, शेतमजुरीपेक्षा बरे पैसे. मग मशीन आलं, १८५१ च्या ग्रेट एक्झिबिशनच्या सुमारास, आणि दहा-वीस वर्षांत सगळं बसलं. १८६१ ला तिच्या नावापुढे धंद्याची जागा रिकामी आहे. नवऱ्याची मजुरी किती असेल ह्याचा अंदाज घ्यायचा तर टॉलपडल फार लांब नाही, १८३४ ला तिथल्या सहा मजुरांना युनियन केली म्हणून सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडलं, तेव्हा आठवड्याचे सात शिलिंग मिळत होते आणि सहा करायचं चाललं होतं. आता गिरणीवाल्याचा दीड शिलिंग परत आठवा, किती मोठी रक्कम होती ती, आणि बुडाली तेव्हा काय झालं असेल.

चर्चयार्डला एक स्टार का, तर गरिबांना दगड नसायचे. शेतमजुरांच्या घराण्याला १८५० च्या आधीचं थडगं मिळेल ह्या आशेने गेलात तर ओले पाय घेऊन परत याल. जे दगड आहेत त्यांवर लायकेन (दगडफूल) चढलेलं, आणि वाचता येत नाही म्हणून तारेचा ब्रश, शेव्हिंग फोम, पीठ असलं काही लावू नका, दगड कायमचा खराब होतो. टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. त्याहून सोपं म्हणजे बऱ्याच काउंट्यांच्या फॅमिली हिस्टरी सोसायट्यांनी हे दगड वर्षांपूर्वीच वाचून याद्या केल्यात, तेव्हा वाचता येत होते तेही आता पुसलेत, तर यादीच घ्या. व्हिकारला ईमेल करून जुनी रजिस्टरं मागू नका, एकेकाकडे पाच-सहा चर्चेस असतात, आणि १९७८ च्या नियमानंतर जुनी रजिस्टरं बहुतेक रेकॉर्ड ऑफिसातच जमा झालीत.

थोडक्यात खर्चाचं गणित कोणाला हवं असेल तर, एक महिन्याचं सबस्क्रिप्शन, पाच-सहा डिजिटल इमेजेस, डॉर्चेस्टरचं जाण्यायेण्याचं भाडं आणि फोटोचा पास, ह्यात आमचं १८२० पर्यंत पक्कं काम झालं, कागदासकट. त्याआधीचं गिरणीवाल्याच्या बाजूने बघायचंय, ती मंडळी खातीपिती होती म्हणजे मृत्युपत्रं असणार, १८५८ च्या आधीची चर्चच्या कोर्टांत, आणि मॅनरचे (जमीनदाराच्या इस्टेटीचे) कागदही, ते १७३३ च्या आधीचे लॅटिनमध्ये. अक्षर वाचायला शिकण्यासाठी नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट धडे आहेत, मी सध्या त्यातच डोकं घालून बसलेय, सेक्रेटरी हँड ह्या जुन्या वळणाच्या अक्षरातला एच अजून हुलकावणी देतोय.

तोपर्यंत सासऱ्यांची नवी फर्माइश आहे, त्यांच्या आजोबांच्या झोपडीत खोल्या किती होत्या. हे कळू शकतं बरं का. १९१० च्या सुमारास तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज ह्याच्या टॅक्ससाठी देशभरच्या घरांची पाहणी झाली, त्याच्या फील्ड बुकात मालक, भाडेकरू, खोल्या, छप्पर गळतं का, सगळं लिहिलंय. ती पुस्तकं लंडनमधल्या क्यूला, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आयआर ५८ ह्या सीरिजमध्ये. आधी नकाशावरून घराचा नंबर काढायचा आणि मग बुक मागवायचं, ह्या क्रमानेच करा. रीडर्स तिकीट फुकट आहे.